शिक्षकाचा खडू आणि शिक्षकाची शाई
(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस पत्र धाडले. 'प्राथमिक शिक्षकाचे दैनंदिन जीवन, त्याची साधने आणि त्याची प्रेरणा' या विषयावर अर्धा तास बोलावे, असे त्यात होते. विषय भारदस्त आणि वक्ता जुन्या अकरावीचा मॅट्रिक, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. येथे डॉक्टर, इंजिनीयर, प्राध्यापक अशी विद्वान मंडळी बसली आहेत. त्यांच्यापुढे वाडीवस्तीवरच्या गुरुजीने काय सांगावे? परंतु 'साधने' हा शब्द वाचला आणि आम्हांस आमच्या वडिलांची आठवण झाली. वडील त्यांना साधने म्हणत नसत. ते हत्यारे म्हणत. शिलाईयंत्र, कात्री, गज, टेप, सुईदोरा आणि कापडावर खुणा करण्याचा चपटा खडू, एवढी त्यांची हत्यारे. कराड भागातील आठवड्याच्या बाजारात त्यांनी हयातभर यंत्र मांडले. या सभागृहातील निम्म्या घरांत दोन पिढ्यांमागे हेच चित्र असेल.

कापड बेतताना वडील कोणाशी बोलत नसत. खडूने रेघ ओढीत, पुसून पुन्हा ओढीत, गिऱ्हाइकाला पुन्हा उभे करून माप पडताळीत. एकदा आम्ही विचारले, "दादा, इतका वेळ का?" ते म्हणाले, "खडू पुसता येतो. शिवण उसवता येते. कात्री चालली की कापड परत येत नाही." त्या वयात आम्हांस ते धंद्याचे बोलणे वाटले. पुढे एकोणचाळीस वर्षे आमच्या हाती खडूच राहिला. परंतु आमची कात्री कोणती, हे कळावयास फार वर्षे गेली. आजचे भाषण बहुतेक त्याच गोष्टीसंबंधी आहे.

१९७४ साली आम्ही मॅट्रिक झालो. दोन वर्षे अध्यापक विद्यालयात गेली, एक वर्ष वडिलांची काजे-बटणे करण्यात गेले आणि जून १९७७ मध्ये पाटण तालुक्यातील एका वाडीवर नेमणूक झाली. शाळा द्विशिक्षकी होती. दोन शिक्षक आणि चार इयत्ता. एसटीने उतरल्यावर दीड तास चढण होती. पावसाळ्यात ओढा भरला की चार-चार दिवस खाली येता येत नसे, म्हणून मुक्काम शाळेच्याच पडवीत. सकाळी उठावे, पाणी आणावे, स्टोव्हवर चहा करावा आणि मुले येण्यापूर्वी दिवसाचे टाचण लिहावे. घंटा म्हणजे आढ्याला टांगलेला रुळाचा तुकडा. शनिवारी सकाळी मुलेमुली मिळून शाळा शेणाने सारवीत. फळा पांढुरका पडला की कोळसा आणि पाला घासून काळा करावयाचा. तोही मुलांच्या उत्साहाचा विषय असे.

एका शिक्षकाने एकाच वेळी दोन इयत्ता कशा शिकवाव्या, याची युक्ती पुस्तकात शिकविली होती; तरी ती खरी शिकविली मुलांनीच. पहिलीला अक्षरे गिरवावयास द्यावी, तेवढ्यात तिसरीचा भागाकार समजावून द्यावा. तिसरी उदाहरणे सोडवू लागली की पहिलीकडे वळावे. तिसरीतल्या हुशार मुलीला पहिलीत बसवून पाढे म्हणून घ्यावे. त्यात पहिलीचे भले होई आणि तिसरीतल्या मुलीचेही पाढे पक्के होत. पहिलीतली काही पोरे तिसरीचा धडा ऐकून ऐकून पाठ करीत, ती गोष्ट वेगळी.

साधनांविषयी एक गंमत सांगावयाची आहे. १९८७-८८ पासून केंद्र सरकारने खडू-फळा मोहीम काढली. हेतू उत्तम होता. प्रत्येक प्राथमिक शाळेस निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य मिळावे, असा तो होता. आमच्याही शाळेत पृथ्वीचा गोल, नकाशे, विज्ञानपेटी, गणितपेटी अशा वस्तू आल्या. त्या आल्या आणि थेट कपाटात गेल्या. कारण जडवस्तूंच्या नोंदवहीत प्रत्येक वस्तूची नोंद होती, आणि वस्तू फुटली तर शिक्षकाच्या पगारातून वसुली होईल ही धास्ती होती. तपासणीच्या दिवशी गोल बाहेर निघे, मुले दुरून पाही, साहेब एकदा फिरवून पाहत आणि पृथ्वी पुन्हा कुलपात जाई. आम्हीही त्या पापाचे धनी आहोत. पुढे एका सहकारी बाईंनी कपाटाची किल्लीच मुलांच्या हाती दिली. गोल वर्षभरात पोचट झाला, आफ्रिका खंडाचा रंग उडाला. परंतु त्या शाळेतील मुले बोट ठेवून देश दाखवीत. वसुली कोणी केली नाही.

प्रेरणेविषयी थोडके सांगतो. प्रत्येक शिक्षक थोर नावे घेतो, आम्हीही घेतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षक कसा असावा याचा विचार आहे. गरज पडली तर नांगराची मूठ अथवा सुताराचा वाकस हाती धरावयास ज्याला लाज वाटणार नाही, असा शिक्षक त्यांना हवा होता. कष्टकऱ्यांच्या मुलांत जो मिसळेल तोच त्यांना शिकवील, हे त्यामागचे कारण. हे प्रथम वाचले तेव्हा वडिलांच्या कात्रीला कोणी नमस्कार करावा तसे आम्हांस वाटले. दुसरी प्रेरणा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची. १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हेच शैक्षणिक साहित्य होते. माँटेसरीबाईंची महागडी साधने त्यांनी रानातल्या वस्तूंतून उभी केली. आम्ही त्यांचे पाहून चिंचोके आणि काड्यांची जुडगी केली. दहा काड्या बांधल्या की दशक, सोडल्या की एकक. हातच्याची वजाबाकी ज्या मुलाला फळ्यावर कळत नसे, त्याला जुडगे सोडताना कळे.

बाकीच्या कामांचा पाढा वाचीत नाही. जनगणना, मतदारयाद्या, निवडणूक, पल्स पोलिओ. १९९५ नंतर दरमहा तीन किलो तांदळाचे वाटप आणि पुढे शिजविलेली खिचडी. खिचडीची चव आधी शिक्षकाने घ्यावयाची असल्याने आमच्या जेवणाची सोय झाली, एवढेच म्हणतो.

आता ज्या साधनाविषयी बोलावयाचे आहे त्याकडे वळतो. प्रत्येक प्राथमिक शाळेत एक जाड, बांधीव वही असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. मूल शाळेत दाखल झाले की त्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, हे सारे त्यात शाईने लिहिले जाते. मूल शाळा सोडते तेव्हा दाखल्यावर हेच उतरते. पुढे दहावीचे प्रमाणपत्र, नोकरीचे सेवापुस्तक, जातीचा दाखला, पारपत्र या सर्वांचे मूळ तेथे. फळ्यावर लिहिलेले दुपारी पुसले जाते. हजेरीत चूक झाली तर महिना संपला की ती विसरली जाते. रजिस्टरातील अक्षर मात्र माणसाबरोबर म्हातारे होते.

आणि हे काम कोणाकडे असते? बहुधा शाळेतल्या सर्वांत नव्या गुरुजीकडे, जूनच्या पहिल्या आठवड्यात, धो धो पावसात, समोर पंचवीस पोरे रडत असताना.

या सभागृहात १ जून ही जन्मतारीख असलेले किती जण आहेत, त्यांनी कृपया हात वर करावे. (हात वर झाले.) पाहा! एवढ्या साऱ्यांच्या माता एकाच दिवशी बाळंत झाल्या नव्हत्या. ही आम्हा गुरुजींची करणी. जन्माची नोंद करण्याचा कायदा १९६९ साली झाला, तरी खेड्यात ती नोंद करणारे थोडे. आईला तिथी आठवे, सण आठवे, तारीख नसे. शाळा जूनमध्ये उघडणार, मुलाला वय पुरे असले पाहिजे, म्हणून गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. आमचीही जन्मतारीख १ जून १९५८ आहे. आईच्या सांगण्याप्रमाणे आमचा जन्म त्या वर्षीच्या नवरात्रातला. महिन्याच्या एक तारखेस जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून आम्ही ३१ मे २०१६ रोजी घरी आलो. नवरात्राची तारीख लागली असती तर चार-पाच महिने सेवा वाढली असती आणि जुलैची वेतनवाढही पदरात पडली असती. आमच्या कुटुंबाने याविषयी आमच्या पहिल्या गुरुजींना आजवर क्षमा केलेली नाही.

पाटण भागात तारखा मोजण्याची आणखी एक रीत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतर त्या खोऱ्यात कितीएक वर्षे प्रत्येक जन्म, लग्न आणि मृत्यू 'भूकंपाच्या आधी' किंवा 'भूकंपानंतर' असाच सांगितला जाई.

जून १९७९ मध्ये एक बाई मुलीला घेऊन शाळेच्या पडवीत उभी राहिली. डोक्यावर इरले, मुलगी तिच्या पदराखाली. पटनोंदणीचा पंधरवडा चालू होता. वरून पट वाढविण्याचा तगादा होता. आम्ही एकविशीचे. त्या दिवशी आम्ही अर्ध्या तासात दहा नावे लिहिली. जन्म कधीचा म्हणून विचारले. बाई म्हणाली, "भूकंपापासून सव्वं वरीस, भाताच्या कापणीला." आम्ही हिशेब केला आणि लिहिले, १ जून १९७३. नाव विचारले. बाई म्हणाली, "नकुसा."

मंडळी, ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नकुसा म्हणजे नको असलेली. मुलींवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीला हे नाव ठेवीत. आता देवाने ओळखावे आणि मुलगा द्यावा, हा त्यामागचा भाव. आपल्याकडे दगडू, धोंडू, केरू अशीही नावे असतात. परंतु ती वेगळी. मुले जगत नाहीत म्हणून जगलेल्या मुलाला दृष्ट लागू नये यासाठी ती ठेवलेली असतात. ती मायेपोटीची नावे. हे नाव तसे नव्हे. आम्हांस त्याचा अर्थ माहीत होता. तरीही आम्ही ते वळणदार अक्षरात लिहिले, टीपकागद दाबला आणि पुढच्या मुलाकडे वळलो. आमचे अक्षर तपासणीत नावाजले जाई. त्या दिवशीही ते सुरेख आले होते.

ती मुलगी हजेरीला 'हजर' म्हणत नसे. समोर बसलेली असे, आमच्याकडे पाहत असे; परंतु नाव पुकारले की ओठ मिटी. आम्हांस तो हट्ट वाटला. तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिच्या तळहातावर निरगुडीची छडी मारली. (आता २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, ते योग्यच झाले.) ती रडली नाही. तिसरीत बसलेली तिची थोरली बहीण उठून म्हणाली, "गुरुजी, घरात बी त्या नावानं हाक मारली तर ती ओ देत न्हाई."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. झोप आली. परंतु पुढच्या शनिवारी आम्ही पहिलीच्या सर्व मुलांना सांगितले की, 'पाटीवर तुम्हांला आवडणारे नाव काढा; ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगा, आम्ही लिहून देतो.' कोणी राम सांगितले, एकाने बैलाचे नाव सांगितले. तिने हळूच एक नाव सांगितले. ते आम्ही येथे सांगत नाही. ते तिचे आहे. आम्ही पाटीवर लिहून दिले आणि तिने ते दिवसभर गिरविले. शाळा सुटताना पाटीला ओले फडके लावून कोरडी होईपर्यंत पुसली आणि मग घरी गेली.

त्या दिवसापासून आम्ही हजेरीला तेच नाव पुकारू लागलो. ती 'हजर' म्हणे, आणि आम्ही 'नकुसा'पुढच्या घरात 'ह' मांडीत असू. पुढे तीन वर्षे हाच क्रम होता.

रजिस्टरातील नाव त्या वेळी बदलता येत होते. मूल शाळेत असेपर्यंत पालकाचा अर्ज घेऊन, वर पाठवून, दुरुस्ती करून घेता येते. त्यासाठी आम्ही एकदा, एकदाच, तिच्या घरी गेलो. वडील मुंबईस माथाडीचे काम करीत, ते घरी नव्हते. आजी म्हणाली, "गुरुजी, नाव बदललं तर देव कोपंल. सून गरवार हाय." आम्ही चहा घेऊन परत आलो. त्या साली मुलगा झाला. मग नाव बदलण्याची तर कोणाला गरजच उरली नाही. बाप दिवाळीला येई, आम्ही दिवाळीला घरी जात असू. अर्ज राहिला तो राहिला. १९८४ साली आमची बदली झाली.

पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात या नावाच्या मुली शोधून त्यांची नावे बदलण्याचा मोठा समारंभ झाला, हे आपण वृत्तपत्रांत वाचले असेल. अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावे मिळाली. आम्ही तेव्हा त्याच जिल्ह्यात दुसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक होतो. शाळेच्या वह्या उलगडून अशी नावे काढून देण्याचे काम आमच्याकडेही होते. पाने उलटताना निरनिराळ्या गुरुजींचे अक्षर दिसे. कोणी घाईने लिहिलेले, कोणी सुरेख. एकाने शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते. ते प्रश्नचिन्ह पाहून आम्ही बराच वेळ थांबलो. आम्ही तेवढेही केले नव्हते.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एक बाई पत्ता शोधीत आमच्या घरी आल्या. चाळिशी उलटलेली, हातात प्लास्टिकची पिशवी. आम्ही ओळखले नाही. त्यांनी नाव सांगितले, पाटीवरचे. मग ओळखले. लग्नात सासरी निराळेच नाव ठेवले होते. शाळेच्या दाखल्यावर तिसरे. अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली तेव्हा ही नावे एकाच बाईची आहेत हे सिद्ध करण्यास प्रतिज्ञापत्रे झाली, हेलपाटे झाले आणि एक वर्षाची भरती हुकली. पुढच्या खेपेस काम मिळाले. त्यानंतर मात्र त्यांनी हट्टाने शासनाच्या राजपत्रात नाव बदलून घेतले. सासरचे नाव नव्हे, पाटीवरचे. ते राजपत्राचे पान दाखविण्यासाठी त्या आल्या होत्या. आम्ही चष्मा लावून वाचले. जुने नाव आणि नवे नाव शेजारी शेजारी छापलेले होते.

त्या रागावल्या नव्हत्या. आमच्या कुटुंबाने केलेला शिरा त्यांनी आनंदाने खाल्ला. निघताना उंबऱ्यात थांबून त्यांनी विचारले, "गुरुजी, तुम्हांला तर ते नाव तोंडानं घेववत नव्हतं. मग वहीत का लिहिलंत?"

आम्ही काहीच बोललो नाही. त्या नमस्कार करून गेल्या.

असो. ही गोष्ट गुणगौरवाच्या दिवशी का सांगितली, असे कोणी मनात म्हणेल. त्याचे कारण आपल्या मंडळाच्या कचेरीतच आहे. दरवर्षी जून-जुलैत तेथे पालकांची रीघ लागते. मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला असतो आणि जातपडताळणीसाठी आजोबांचा शाळेचा उतारा हवा असतो. उतारा येतो तेव्हा कोठे 'शिंपी' असते, कोठे पोटजातीसह असते, कोठे एखाद्या गुरुजीने नुसतेच 'हिंदू' लिहून ठेवलेले असते. आडनावाची वेलांटी बापाची एक, मुलाची दुसरी. २०१५ पासून शाळांची माहिती 'सरल' या संगणकप्रणालीत भरली जाऊ लागली. मुलाचे आधार कार्डावरील नाव आणि शाळेतील नाव जुळावे लागते. आता बहुतेक पालक जन्माचा दाखला घेऊन येतात, त्यामुळे १ जूनचे लोक हळूहळू कमी होतील. परंतु चूक लिहिली गेलीच, तर पूर्वी ती एका वहीत राही, आता ती क्षणात दहा ठिकाणी पोहोचते.

ज्यांची मुले अद्याप शाळेत आहेत, त्या सर्व मातापित्यांना आमची विनंती आहे. येत्या आठवड्यात शाळेत जाऊन रजिस्टरातील आपल्या मुलाची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. मूल शाळेत असेतो दुरुस्तीला मार्ग आहे. शाळा सोडल्यावर तो अतिशय बिकट होतो. आपल्या ज्ञातीतील जे तरुण-तरुणी शिक्षक झाले आहेत वा होऊ पाहत आहेत, त्यांना वेगळे सांगत नाही. त्यांनी आमची गोष्ट ऐकली आहे.

चिटणीसांच्या अनुमतीने एक गोष्ट जाहीर करतो. पुढील रविवारपासून सकाळी ९ ते ११ या वेळेत आम्ही मंडळाच्या कचेरीत बसणार आहोत. ज्यांच्या दाखल्यांत, उताऱ्यांत वा नावांत काही घोटाळा असेल त्यांनी कागद घेऊन यावे. अर्ज लिहून देऊ, कोणत्या कचेरीत कोणता कागद लागतो ते सांगू. आमचे अक्षर अजून बरे आहे. एक जिल्हा परिषदेचे निवृत्त लिपिक आमच्यासोबत बसण्यास तयार आहेत, त्यांचे आभार. झेरॉक्सचे पैसे ज्याचे त्याने द्यावे.